कृत्रिम पायाच्या आतला पाय : जखम होण्याआधी निरोप कसा मिळेल?



'कृत्रिम पाय' हा शब्द वर्गात उच्चारला की मुलांच्या डोळ्यांसमोर काय येतं? धावपटूच्या पायाला लावलेलं वळणदार पातं, जयपूर फूट, किंवा कृत्रिम पायाने २०१३ साली एव्हरेस्ट चढलेल्या अरुणिमा सिन्हा. चित्र काढायला सांगितलं तर मुलं बाहेरून दिसणारा पाय काढतील. पण तो पाय माणसाच्या शरीराला जिथे भेटतो, ती जागा कोणत्याच चित्रात नसते. ती जागा एका भांड्यासारख्या कवचात झाकलेली असते, आणि माणूस चालू शकणार की घरी बसणार हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.

आजच्या पाठात आपण त्या झाकलेल्या जागेचा विचार करणार आहोत. तिथे काय बिघडतं, ते वेळेवर का कळत नाही, ते लवकर ओळखण्यासाठी कोणती साधने तयार होत आहेत आणि त्यात शाळेचा व घराचा वाटा काय, हे पाहू. इयत्ता आठवीच्या 'बल व दाब' या पाठाला हा विषय सहज जोडता येतो. उपक्रम शेवटी दिले आहेत.

आधी शब्द समजून घेऊ

अपघात, मधुमेह, जंतुसंसर्ग, कर्करोग अशा कारणांनी पाय कापावा लागतो, तेव्हा जो भाग शिल्लक राहतो त्याला दवाखान्यात 'स्टंप' म्हणतात. या लेखात आपण त्याला 'उरलेला पाय' म्हणू. काही मुलांचा पाय जन्मतःच अपुरा असतो. त्यांनाही पुढची बरीचशी माहिती लागू पडते.

उरलेला पाय ज्या कवचात बसतो ते 'सॉकेट'. त्वचा आणि सॉकेट यांच्यामध्ये घालतात तो सिलिकॉनसारख्या मऊ पदार्थाचा 'लायनर', किंवा जाड-पातळ मोजे. सॉकेटच्या खाली नळी आणि तिच्या टोकाला पाऊल. हे सगळं मापाने बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाला 'प्रोस्थेटिस्ट' म्हणतात.

आपण उदाहरण घेऊ गुडघ्याखाली कापलेल्या पायाचं, कारण ते समजायला सोपं आहे.

तळव्याचं काम पोटरीच्या त्वचेवर

आपल्या तळपायाची त्वचा जाड असते. तिच्या खाली चरबीच्या छोट्या छोट्या गाद्या असतात. अनवाणी चाललो तरी ती टिकते, कारण ती त्याच कामासाठी बनलेली आहे. आता स्वतःच्या पोटरीला आणि नडगीला हात लावून बघा. नडगीवर तर त्वचा आणि हाड यांच्यात जवळजवळ काहीच नाही. कृत्रिम पाय वापरणाऱ्या माणसाच्या याच नाजूक त्वचेला रोज शरीराचा भार पेलावा लागतो.

म्हणून सॉकेट बनवताना दाब कुठे द्यायचा आणि कुठे द्यायचा नाही, याचा हिशोब असतो. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड पट्टा दाब सहन करतो. नडगीची कड, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा आणि कापलेल्या हाडाचं टोक या जागांना दाब सोसत नाही. चांगला प्रोस्थेटिस्ट पहिल्या जागेवर भार टाकतो आणि दुसऱ्या जागांना मोकळीक देतो.

एक छोटं गणित फळ्यावर मांडू. माणसाचं वजन ६० किलो, म्हणजे बल सुमारे ६०० न्यूटन. चालताना एका क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो. समजा हा भार २०० चौरस सेंटिमीटर जागेवर नीट पसरला, तर

दाब = ६०० ÷ २०० = ३ न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर.

सॉकेट सैल झालं आणि तोच भार फक्त ४० चौरस सेंटिमीटरवर आला, तर

दाब = ६०० ÷ ४० = १५ न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर.

माणूस तोच, वजन तेच, पण दाब पाचपट!

आता याची तुलना रक्ताशी करा. केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांच्या सुरुवातीला रक्ताचा दाब साधारण ३२ मिलीमीटर पारा धरतात. आपल्या एककात तो अर्ध्या न्यूटनपेक्षाही कमी येतो. त्वचेवरचा दाब आत जसाच्या तसा पोचत नाही हे खरं. तरीसुद्धा पाऊल टेकल्यावर त्या जागेचा रक्तप्रवाह काही क्षण अडतो. पाऊल उचललं की तो पुन्हा सुरू होतो. म्हणजे नुसता दाब किती हे पाहून भागत नाही, तो किती वेळ टिकला हेही पाहावं लागतं. थोडा दाब बराच वेळ राहिला तरी त्वचा मरू शकते. हा मुद्दा लक्षात ठेवा, शाळेच्या परिपाठात तो पुन्हा येणार आहे.

सॉकेटच्या आत चार गोष्टी बिघडतात

१. दाब. एकाच जागी भार आला की तिथे आधी लाली, मग फोड आणि शेवटी जखम.

२. घासण. प्रत्येक पावलाला सॉकेट थोडं वर-खाली सरकतं. त्यामुळे त्वचा एका बाजूला ओढली जाते आणि आतलं हाड दुसऱ्या बाजूला जातं. हा ओढ-ताण वरून दिसत नाही, पण आतल्या थरांना इजा करतो.

३. उष्णता आणि घाम. लायनर आणि सॉकेटमधून वारा जात नाही. कृत्रिम पाय घालून थोडं चाललं तरी आतल्या त्वचेचं तापमान एक-दोन अंशांनी वाढतं आणि बसल्यावर लगेच उतरत नाही. घाम वाळायला वाव नाही, त्यामुळे त्वचा ओलसर, मऊ राहते. ओलसर त्वचेवर घर्षण वाढतं आणि केसांच्या मुळाशी जंतुसंसर्ग होतो.

४. आकार बदलणं. उरलेला पाय दिवसभर सारखा राहत नाही. त्यातला द्रव कमी-जास्त होतो. सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट दुपारी सैल वाटतं. मग पाय आत खोल बुडतो आणि हाडाचं टोक तळाशी आपटतं. म्हणून ही मंडळी दुपारी एखादा जादा मोजा चढवतात. उलट, सॉकेटच्या तळाशी पायाचा स्पर्शच होत नसेल तर टोकाला सूज धरते आणि काही काळाने तिथली त्वचा जाड, चामखिळीसारखी खडबडीत होते.

यातली कोणतीही गोष्ट हाताबाहेर गेली, की डॉक्टर सांगतात, "जखम भरेपर्यंत पाय घालू नका." हे वाक्य ऐकायला साधं आहे. पण ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे, ज्या मुलीची शाळा दोन किलोमीटरवर आहे, तिच्यासाठी याचा अर्थ कामावर खाडा आणि शाळेत गैरहजेरी असा होतो. म्हणून जखम होण्याआधी निरोप मिळणं इतकं मोलाचं आहे.

वेदना हा पहिला निरोप्या

आपल्याला बुटात खडा टोचला की आपण थांबतो, बूट काढतो, खडा झटकतो. हे सगळं वेदनेमुळे होतं. वेदना नसेल तर काय होतं, हे जगाला नीट समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांपैकी एक होते पॉल ब्रँड. त्यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला आणि १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करू लागले. बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे कुष्ठरोग हा विषय मराठी घरांना नवा नाही. कुष्ठरोगात हातापायांची बोटं आपोआप झडतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतू निकामी करतात, वेदना नाहीशी होते, आणि मग भाजलं-कापलं-घासलं तरी न कळल्यामुळे अवयवाची हानी होत जाते.

पुढे ते अमेरिकेतल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या खटपटी आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहेत. त्यांनी रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या बसवलेला एक मोजा बनवला. चालताना जिथे दाब जास्त, तिथल्या कुप्या फुटायच्या आणि मोज्यावर रंग उमटायचा. रुग्णाला दुखलं नाही तरी डॉक्टरांना डाग दिसायचा. हाताने चाचपून किंवा उष्णता टिपणाऱ्या यंत्राने गरम झालेली जागा शोधायची पद्धतही त्यांनी वापरली, कारण जखम उघडण्याआधी ती जागा तापते.

त्यांनी याहून मोठा प्रयत्नही केला. वेदनेला पर्याय म्हणून हातमोज्यात आणि बुटात दाब मोजणारे सेन्सर बसवले. दाब वाढला की कानात आवाज व्हायचा. रुग्ण दुर्लक्ष करू लागले. मग दिवा लावून पाहिला. तरी तेच. शेवटी विजेचा हलका झटका देऊन बघितला. तेव्हा काही जण एखादं जोराचं काम करायच्या आधी यंत्र बंद करायचे, काम उरकायचे आणि पुन्हा चालू करायचे! प्रकल्प गुंडाळावा लागला. खरी वेदना बंद करता येत नाही, यंत्र बंद करता येतं.

ही गोष्ट वर्गात जरूर सांगा. उपकरण बनवणं आणि त्याचा निरोप ऐकला जाणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, हे मुलांना यातून पटकन कळतं.

आता आपल्या विषयाकडे वळू. मधुमेहामुळे पाय गमावलेल्या माणसाच्या उरलेल्या पायातले चेतातंतूही बहुधा दुबळे झालेले असतात. ज्यांचे चेतातंतू शाबूत आहेत त्यांचीही अडचण असतेच. शस्त्रक्रियेच्या व्रणाभोवती बधिरपणा असतो. शिवाय नसलेल्या पावलात दुखण्याचा त्रास अनेकांना होतो. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक अम्ब्रोज पारे यांनी या त्रासाची नोंद केली होती. १८७१ मध्ये अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी नसूनही जाणवणाऱ्या अशा अवयवाला 'फँटम लिंब' हे नाव दिलं. इतक्या गोंगाटात खऱ्या जखमेचा बारीक आवाज ऐकू येणार कसा? त्यात "थोडं दुखणारच" असं म्हणून सहन करायची सवय. मुलांच्या बाबतीत आणखी एक भीती असते : सांगितलं तर खेळायला सोडणार नाहीत.

आजची साधने : कोण काय मोजतं?

गेल्या काही दशकांत संशोधकांनी सॉकेटच्या आत डोकावण्याचे निरनिराळे मार्ग शोधले आहेत.

दाबाचा नकाशा. कागदाइतक्या पातळ पट्टीवर अनेक सेन्सर बसवून ती त्वचा आणि सॉकेट यांच्यामध्ये घालतात. माणूस चालतो आणि संगणकावर रंगीत नकाशा उमटतो. कुठे दाब जास्त हे लगेच दिसतं. ब्रँड यांच्या रंगीत मोज्याचं हे नातवंडच म्हणा ना. याच्या मर्यादाही आहेत. गोलाकार जागेवर पट्टीला चुण्या पडतात, आणि साध्या पट्ट्या फक्त सरळ दाब मोजतात, घासण मोजत नाहीत. म्हणून इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाब आणि बाजूची ओढ दोन्ही एकत्र मोजणारे छोटे सेन्सर विकसित केले आहेत.

तापमान. दाह सुरू झाला की त्या जागी रक्त धावतं आणि ती जागा गरम होते. मधुमेहींच्या पावलांसाठी एक उपयोगी नियम आहे. दोन्ही पावलांवरच्या त्याच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक सतत दिसला तर चालणं कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. पण हाच नियम उरलेल्या पायाला जसाच्या तसा लावता येत नाही. एक तर तुलनेसाठी दुसऱ्या बाजूला तसाच पाय नसतो. दुसरं म्हणजे सॉकेट काढल्याबरोबर सगळीच त्वचा तापलेली असते, आणि लगेच घाम उडून ती गार पडू लागते. म्हणून त्या व्यक्तीच्या स्वतःच्याच नेहमीच्या तापमानाशी तुलना करावी लागते. आपल्याकडे तापमानाला आणखी एक महत्त्व आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, उष्णता मात्र रंग बघत नाही.

द्रवाचं माप. क्षारयुक्त पाण्यातून वीज वाहते हे मुलांना माहीत असतं. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून जाणवणारही नाही इतका सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडला, तर रोध किती यावरून आत द्रव किती याचा अंदाज येतो. पायातला द्रव घटला की रोध वाढतो. अमेरिकेत सिएटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोन सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र कृत्रिम पाय घालून चालणाऱ्या माणसांवर वापरलं. दिवसात मध्येच थोडा वेळ सॉकेट सैल केलं किंवा काढलं, तर गेलेला द्रव काही अंशी परत येतो का, हेही त्यांनी तपासलं आणि अनेकांच्या बाबतीत तसा फायदा दिसला.

आतलं चित्र. सोनोग्राफीने त्वचेखालची सूज, पाण्याची पिशवी, चेतातंतूच्या टोकाला आलेली दुखरी गाठ दिसू शकते. एमआरआयमधून हाड, स्नायू, चरबी यांचं त्रिमितीय चित्र मिळतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतला ह्यू हर यांचा गट अशा चित्रांवरून संगणकावर सॉकेटची रचना करण्याचं काम करतो. हर यांनी स्वतः १९८२ साली गिर्यारोहणात हिमदंशामुळे दोन्ही पाय गमावले, तेव्हा ते १७ वर्षांचे होते.

प्राणवायू आणि रसायनं. त्वचेतून बाहेर येणारा प्राणवायू मोजता येतो. पाय कोणत्या पातळीवर कापला तर जखम भरेल, हे ठरवताना डॉक्टर हे माप आधीपासून वापरतात. त्वचेवरचं तेल टिपणारी लहानशी पट्टी लावून त्यात दाहाची रसायनं शोधण्याचे प्रयोगही चालू आहेत. त्वचा डोळ्यांना ठीक दिसत असतानाच ती आतून कुरकुरते आहे का, ते यातून कळावं, हा हेतू.

चांगल्या साधनाची परीक्षा

इतकं सगळं मोजता येतं, तर अडलं कुठे? यातली बरीच साधने प्रयोगशाळेत किंवा मोठ्या रुग्णालयात तासभर वापरण्याजोगी आहेत. जखम मात्र शेतात, लोकलच्या गर्दीत, शाळेच्या मैदानात होते. रोज घालता येईल असं साधन बनवायचं तर ते घामात टिकायला हवं, धुता यायला हवं, पातळ हवं आणि त्याची बॅटरी पुरायला हवी. साधन जाड असेल तर तेच नव्या जखमेचं कारण होईल!

आपल्या देशापुरता विचार केला तर आणखी काही अटी येतात. जयपूर फूट १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला, तो भारतीय माणूस अनवाणी चालतो, मांडी घालतो, उकिडवा बसतो हे ओळखून. त्याचं सॉकेट पाण्याच्या पाइपसाठी वापरतात तशा एचडीपीई प्लास्टिकपासूनही बनवलं जातं. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आणि मुंबईत हाजी अली इथली भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून या क्षेत्रात काम करत आहे. म्हणजे पाय बनवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. निदानाची साधनेही याच मातीतल्या सवयी ओळखणारी हवीत. थंड देशातल्या वातानुकूलित खोलीत नीट चालणारा सेन्सर विदर्भातल्या मे महिन्यात मांडी घालून बसल्यावर काय सांगेल, हे तिथेच तपासावं लागेल.

आणि शेवटची अट ब्रँड यांच्या अनुभवातून आलेली. यंत्राने उगीचच सारखा धोक्याचा इशारा दिला तर कोणी ऐकणार नाही. शाळेची घंटा दर पाच मिनिटांनी वाजली तर मुलं वर्गाबाहेर येतील का? यंत्राने इशारा द्यायला उशीर केला तर उपयोग नाही. आणि इशारा मिळाल्यावर "आता काय करू?" याचं उत्तर जवळ नसेल तरीही उपयोग नाही. जवळ प्रोस्थेटिस्ट नाही, सॉकेट बदलायला पैसे नाहीत, कामावर सुट्टी नाही, अशा माणसाला लाल दिवा दाखवून आपण फक्त त्याची काळजी वाढवतो. म्हणून निदानाच्या साधनाला उपचाराची सोय जोडलेली असायलाच हवी.

वर्गात कृत्रिम पाय वापरणारं मूल असेल तर

इथे आपली भूमिका सुरू होते. मोठ्या माणसापेक्षा मुलाचा प्रश्न जास्त अवघड असतो, कारण मूल वाढतं. सॉकेट काही महिन्यांत लहान पडू शकतं. लहानपणी हाडाच्या मधूनच पाय कापला गेला असेल, तर कापलेलं हाड टोकाकडे वाढत राहतं, आतून त्वचेला टोचू लागतं आणि कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून नियमित तपासणी चुकवू नये.

शिक्षकांनी या गोष्टी पाहाव्यात :

• परिपाठाला बराच वेळ एका जागी उभं राहणं. चालताना पाऊल उचललं की त्वचेला क्षणभर मोकळीक मिळते, स्तब्ध उभं राहिलं तर मिळत नाही. अशा मुलाला बसायची मुभा द्या, तीही सगळ्यांसमोर गाजावाजा न करता.

• मधल्या सुट्टीत पाय काढून घाम पुसायला, मोजा बदलायला दहा मिनिटं आणि एक बंद दाराची जागा. ती जागा शौचालय नसावी, स्वच्छ खोली असावी.

• चाल अचानक बदलली, मूल खेळ टाळू लागलं, वारंवार बसू लागलं, पाय घालायला नको म्हणू लागलं, मोज्यावर ओल किंवा रक्ताचा डाग दिसला, वास आला, तर त्याच दिवशी पालकांना कळवा.

• "दाखव बघू तुझा पाय" असं कधीही वर्गात म्हणू नका. मुलाने स्वतःहून सांगितलं तर ऐका.

• "दुखतंय" म्हटल्यावर खेळातून कायमचं बाद करू नका. एकदा तशी शिक्षा मिळाली की मूल पुढच्या वेळी सांगणार नाही. सांगितल्याचा तोटा होत नाही, हा विश्वास कोणत्याही सेन्सरइतकाच कामाचा आहे.

घरची रोजची तपासणी

पालकहो, महागडी यंत्रं येतील तेव्हा येतील. आज आपल्याकडे आरसा, हात आणि वही आहे.

१. रात्री पाय काढल्यावर चांगल्या उजेडात सगळ्या बाजूंनी बघा. मागच्या बाजूसाठी हातआरसा वापरा.

२. लालसर किंवा गडद डाग दिसला तर १५-२० मिनिटांनी पुन्हा बघा. गेला तर ठीक. राहिला तर ती जागा वहीत लिहा आणि प्रोस्थेटिस्टला दाखवा.

३. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून एखादी जागा शेजारच्या भागापेक्षा गरम लागते का ते पाहा.

४. उरलेला पाय सौम्य साबणाने रात्री धुवा आणि पूर्ण कोरडा करा. सकाळी ओलसर त्वचेवर पाय चढवू नये. लायनर आणि मोजेही रोज धुवावेत.

५. फोड फोडू नका, कातडी ब्लेडने कापू नका. उघडी जखम असेल तर तज्ज्ञांनी पाहीपर्यंत कृत्रिम पाय घालू नये.

६. वहीत चार रकाने आखा : तारीख, किती तास घातला, किती मोजे लागले, कुठे काय दिसलं. महिन्याभराची अशी वही प्रोस्थेटिस्टच्या हातात दिली तर त्याला तुमच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही.

वर्गातील उपक्रम

उपक्रम १ : नखाचा रंग. अंगठ्याचं नख पाच सेकंद दाबा आणि सोडा. पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो? दाबाने रक्त बाजूला सरकतं, हे मुलं स्वतः पाहतील.

उपक्रम २ : दप्तराचा पट्टा. तेच दप्तर आधी रुंद पट्ट्याने आणि मग पातळ दोरीने खांद्यावर क्षणभर धरा. क्षेत्रफळ कमी झालं की काय वाटतं? मग वरचं गणित सोडवा.

उपक्रम ३ : पिशवीतला हात. एक हात स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत मनगटापर्यंत घालून पाच मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर दोन्ही हातांची तुलना करा. घाम, उष्णता, चिकटपणा यांची नोंद करा. लहान मुलांसोबत मोठ्या माणसाच्या देखरेखीतच हा उपक्रम घ्यावा.

उपक्रम ४ : मोज्याची खूण. शाळा सुटताना पायातला मोजा थोडा खाली करून बघा. इलॅस्टिकची खूण किती वेळात जाते? हे वहीत लिहा आणि वर्गाचा स्तंभालेख काढा.

चर्चेसाठी प्रश्न

• धोक्याचा खोटा इशारा आणि न मिळालेला इशारा, यात जास्त वाईट कोणता? का?

• ब्रँड यांच्या रुग्णांनी यंत्र बंद का केलं असेल? तुम्ही असता तर?

• आपल्या गावात कृत्रिम पाय वापरणाऱ्या माणसासाठी साधन बनवायचं झालं, तर आधी त्याला कोणते पाच प्रश्न विचाराल?

समारोप

कृत्रिम पाय बसवला की काम संपलं असं आपल्याला वाटतं. छायाचित्रही त्याच दिवशी काढलं जातं. खरं तर तिथून पुढे रोज त्या झाकलेल्या त्वचेची परीक्षा असते. दाब, घासण, घाम, आकार यांचा निरोप लवकर आणणारी साधने हळूहळू तयार होत आहेत, आणि आज आठवीत शिकणाऱ्या मुलांपैकी कोणीतरी त्यातलं एखादं बनवेल. त्या मुलांना आज एवढं तरी शिकवू या : निरोप आणणारं यंत्र जितकं महत्त्वाचं, तितकाच तो ऐकून घेणारा आणि लगेच हालचाल करणारा माणूस महत्त्वाचा. शाळेत तो माणूस आपण आहोत, आणि घरी पालक.